नव्या वावरात पाय टाकण्याआधी

नोकरी आटोपली, आता गावाकडे चार एकर घ्यावं, असं म्हणणारे लोक दरवर्षी विदर्भात येतात. काही जण पडीत राहिलेली वडिलोपार्जित जमीन कसायला परत येतात. काही जण आधी एक-दोन हंगाम ठेक्यानं वावर करून बघतात. या सगळ्यांना माझं सांगणं एकच असतं. कागद काय म्हणतो, जमीन काय म्हणते आणि गाव काय म्हणतं, हे तिन्ही जुळल्याशिवाय इसाराचा रुपया देऊ नका. दोन जुळले आणि तिसरं जुळलं नाही, तर पुढची कित्येक वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यात जातात, आणि तोवर वावर पडीतच राहतं.

घाई करायला लावणारा माणूस हमखास भेटतो. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, उद्याच इसार करा’ असं तो सांगेल. करू नका. चांगलं वावर हातचं गेलं तरी दुसरं मिळतं, अडकलेला पैसा मात्र सहजासहजी सुटत नाही.

पहिली पायरी : कोणत्या विदर्भात चाललात ते बघा

अकरा जिल्ह्यांचा विदर्भ एकसारखा नाही. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती आणि यवतमाळ हा कापूस, सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा मुलूख. वर्धा आणि नागपूरचा बराच भागही तसाच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग धानाचा. तिथे पाऊस जास्त, वावराच्या बांध्या (बांध घातलेले तुकडे) लहान, आणि पाणी बोडीचं, म्हणजे छोट्या तळ्याचं, नाहीतर मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत जातं आणि शेवटी कोणाच्या, याची रीत गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. धानाचं वावर घ्यायचं असेल तर ते पाण्याच्या वाटेत कितव्या जागी आहे, हा पहिला प्रश्न विचारा.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड हा संत्र्याचा पट्टा. इथे भूजलाचा उपसा फार झाला आहे, म्हणून बोअरच्या भरवशावर बाग घेताना दहा वेळा विचार करा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण ते खारं असतं. हिरवंगार वावर आणि काठोकाठ भरलेली विहीर पाहून बाहेरचा माणूस भुलतो. ते पाणी सतत दिलं तर काळी जमीन घट्ट होते आणि तिचा निचरा जातो. त्या भागातले जाणते शेतकरी पावसावरचीच पिकं घेतात किंवा शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी साठवतात.

दुसरी पायरी : वावर दोनदा पाहा, उन्हात आणि चिखलात

सौदा दिवाळीनंतर ठरतो, तेव्हा शिवार हिरवं असतं आणि सगळंच छान दिसतं. खरं वावर मे महिन्यात दिसतं, आणि नंतर जुलै-ऑगस्टमधल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी.

मे महिन्यात भारी काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याला घाबरू नका. ही माती ओलावली की फुगते आणि वाळली की आकसते, तो तिचा स्वभाव आहे. भेगा सगळीकडे सारख्या खोल असतील तर मातीचा थर जाड आहे. एखाद्या अंगाला भेगा नसतील आणि पायाला खडे टोचत असतील, तर तिथे मुरूम वर आलेला असतो. दोन-तीन ठिकाणी कंबरभर खड्डा घ्या. वरची काळी माती किती खोल जाते, पांढरे चुनखडीचे खडे कुठे सुरू होतात, मुरूम कुठे लागतो, हे आपल्या डोळ्यांनी बघा. चुनखडी वरच असेल तर संत्र्याचा विचार सोडा. अशा जमिनीत झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात.

धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पूर्ण चक्कर मारा. धुऱ्यावरच्या बाभळीची मुळं वीतभर उघडी पडली असतील तर तेवढी माती वाहून गेली आहे. खालच्या अंगाला वाळूचा पातळ थर पसरलेला दिसला तर नाला तिथपर्यंत चढतो, आणि अतिवृष्टीच्या वर्षी ते वावर खरडून जाऊ शकतं. लव्हाळा दाट असेल तर पाणी साचतं. कुंद्याचं तण असेल तर विचारपूर्वक भाव करा, कारण त्याच्या मुळ्या खोल जातात आणि एका नांगरटीत तो निघत नाही.

पावसातली चक्कर तर टाळूच नका. वरच्या वावराचं पाणी तुमच्या वावरातून वाट काढतं का, तुमचं पाणी कोणाच्या वावरात उतरतं, धुरा कुठे फुटतो, हे त्या एका दिवसात कळतं. शेजारच्या वावरात कोणी म्हातारा माणूस असला तर त्याच्याजवळ बसा.

‘राम राम काकाजी. बरसातीत इथं पाणी साचतं का?’

‘साचते ना बाप्पा. त्या बाभयीच्या खालतं सारं चिबडते. चार-चार दिस डवरा नाही चालत तिथं. वरतं मात्र बेस हाये, तूर अशी मस्त येते का पाहून घ्या.’

इथून तुम्हाला कळलं की पाच एकरांपैकी कोणता तुकडा तुरीचा आणि कोणत्या तुकड्यात आधी चर काढावा लागेल. हे कोणत्याच उताऱ्यावर लिहिलेलं नसतं.

मातीचा नमुना याच वेळी घ्या. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या आणि त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. धुऱ्याजवळची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. फळबाग लावायची असेल तर मीटरभर खोलीपर्यंतचे नमुने थराथराने वेगळे घ्यावे लागतात. जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तपासणी होते. विहीर असेल तर पाण्याची बाटलीही सोबत द्या.

तिसरी पायरी : कागद, पण सातबारावर थांबू नका

सर्वात आधी स्वतःचा कागद. विदर्भाला 1958 चा वेगळा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. त्याच्या कलम 89 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या नावाचा, नाहीतर वारसाहक्काचा सातबारा हाताशी ठेवा.

मग विकणाऱ्याचा सातबारा, आठ-अ आणि गट नकाशा काढा. सातबारा आणि आठ-अ सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर, नकाशा महाभूनकाशावर घरबसल्या मिळतो. सातबारावर पहिली नजर भोगवटादाराच्या वर्गावर टाका. वर्ग 1 असेल तर जमीन विकायला सहसा मोकळी. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार नाही. भूदानधारक असं लिहिलेलं असेल तर तो सौदा सोडून द्या, ती जमीन कसण्यासाठी दिलेली असते, विकण्यासाठी नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल आणि घेणारा बिगरआदिवासी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मधली कलम 36 आणि 36-अ आडवी येतात. यवतमाळ, गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटात हे फार बघावं लागतं. ‘दुसऱ्याच्या नावावर घेऊन ठेवू’ असा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाशी बोलणंच बंद करा. तो आदिवासी शेतकऱ्याचं नुकसान करतोय आणि तुमचंही.

‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, सामाईक विहिरीचा हिस्सा, पुनर्वसनासाठी किंवा प्रकल्पासाठीची बंधनं असतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ तलाठ्याला विचारा. (कागदावर आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात तलाठीच.) क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 40 आर म्हणजे जवळपास एक एकर, 1 हेक्टर म्हणजे 2.47 एकर. पोटखराबा, म्हणजे न कसण्याजोगा तुकडा, वेगळा दाखवलेला असतो. नाल्याखाली गेलेल्या तुकड्याचे पैसे कसत्या जमिनीच्या भावानं देऊ नका.

आता फेरफार, म्हणजे सातबारावरच्या नावांत आणि हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदी. सातबारावर जेवढे फेरफार क्रमांक दिसतात तेवढे सगळे काढा आणि जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने वाचा. बहुतेक वाद इथेच सापडतात. वडील वारले आणि वारस म्हणून फक्त भावांची नावं चढली, असं आपल्याकडे फार वेळा दिसतं. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. बहिणींची नावं गाळलेली असतील, किंवा हक्कसोड झाली म्हणतात पण नोंदणीकृत कागद दाखवत नाहीत, तर थेट त्या बहिणींना जाऊन भेटा. मग सौदा मोडला तरी चालेल. त्यांचा हिस्सा बुडवून घेतलेल्या जमिनीवर सुखानं पेरता येणार नाही, आणि कोर्टातही ती टिकणं कठीण.

काही गोष्टी फक्त इकडच्या आहेत, बाहेरचा वकील त्या विचारेलच असं नाही. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत जुन्या नोंदींमध्ये ‘झुडपी जंगल’ असा शेरा असतो. जागेवर चार झुडपंही नसतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये झुडपी जंगल ही वनजमीनच धरली जाईल असा निकाल दिला. तुमच्या गटावर किंवा लागून असलेल्या गटावर असा शेरा असेल तर पुढे जाऊ नका. अमरावती विभागात सरकारी चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात. वावराची हद्द कोणी हळूहळू ई-क्लासमध्ये सरकवलेली असते, आणि कब्ज्यात दिसणारी जमीन कागदापेक्षा जास्त भरते. त्या जास्तीच्या जमिनीचे पैसे तुमच्याकडून घेतले जातात.

निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे आणखी दोन कागद. गावाला सरपण, चराई, वहिवाट, पाणी यांचे कोणते हक्क कुठे आहेत ते निस्तार पत्रकात असतं. खाजगी जमिनीतून जाणारी वाट, पाणी घेण्याचा हक्क यांसारख्या रूढीच्या नोंदी वाजिब-उल-अर्जमध्ये सापडतात. तुमच्या वावरातून गावाची गुरं तळ्यावर जात असतील आणि तशी नोंद असेल, तर कुंपण घालून ती अडवता येणार नाही. नागपूरकडे मालगुजारी होती, वऱ्हाडात रयतवारी, म्हणून जुने कागदही वेगवेगळे. नागपूर विभागात 1954-55 चा अधिकार अभिलेख जरूर पाहा.

गावाचं नाव नीट बघा. वावर ज्या गावाला लागून आहे, कागदावर मौजा त्याहून वेगळा असू शकतो, आणि पुढे ‘रिठी’ लिहिलेलं असतं. म्हणजे ते गाव कधीकाळी उठलेलं, पण महसुली नोंदीत कायम. अशा वेळी साझा, म्हणजे तलाठ्याचं कार्यक्षेत्र, कोणता हे आधी विचारून घ्या, नाहीतर चुकीच्या गावाचे कागद गोळा करत बसाल.

चौथी पायरी : पांदण

माझ्या मते वावराची अर्धी किंमत रस्त्यात असते. काळ्या मातीची पांदण, म्हणजे वावराकडे जाणारी वाट, पावसात गुडघाभर चिखलाची होते. रस्ता नसेल तर जुलैमध्ये निंदणाला मजूर येत नाहीत, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस लांबला की हार्वेस्टर आत जात नाही, कापलेलं सोयाबीन गंजीतच भिजतं. विकणारा म्हणेल, ‘आम्ही ह्याच वाटेनं जातो, कोणी अडवत नाही.’ त्याला अडवत नसतील. त्याची सोयरीक असेल, पिढ्यांची ओळख असेल. तुम्हाला अडवतील की नाही ते नकाशा सांगतो.

गाव नकाशावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो, पायवाट एकेरी तुटक रेषेनं. तुमच्या गटापर्यंत अशी रेषा येते का ते बघा. नकाशावर रेषा आहे पण जागेवर पांदण नांगरून टाकली आहे, असंही असतं. तशी पांदण तहसीलदारांमार्फत मोकळी करून घेता येते. नकाशावर रस्ताच नसेल तर 1966 च्या अधिनियमाच्या कलम 143 प्रमाणे शेजाऱ्यांच्या धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. चालू वहिवाट कोणी बंद केली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली दाद मागायची, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे सगळं होतं, वेळ लागतो. त्यापेक्षा खरेदीआधीच शेजाऱ्यांशी बोलून, नकाशा समोर ठेवून रस्ता पक्का करा.

पाचवी पायरी : विहीर, वीज, जनावरं

विहिरीचं पाणी एप्रिल-मे महिन्यात पाहा. मोटर लावून किती वेळात उपसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती भरते ते बघा. विहीर सामाईक असेल तर पाळी कशी आहे ते सगळ्या हिस्सेदारांसमोर विचारा. वीज जोडणी कोणाच्या नावावर आहे आणि थकबाकी किती, हे बिलावरून बघा.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास जवळपास सगळीकडे आहे. रात्री जागल करायला माणूस लागतो. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांच्या आसपास वावर असेल तर रात्रीचं पाणी देणं आणि जागल हा जिवाचा प्रश्न आहे. वीज रात्रीच्या पाळीत येत असेल तर तिथे ओलिताचं पीक कोण सांभाळणार, हे आधी ठरवा.

सहावी पायरी : गावाशी बोला

दलालाला विचारून गाव कळत नाही. कोतवालाला सगळ्या शिवारातले धुरे तोंडपाठ असतात. पोलीस पाटलांना वाद माहीत असतात. चारही धुऱ्यांच्या शेजाऱ्यांना एकेकट्याला, त्यांच्या घरी जाऊन भेटा. चहा नाकारू नका. ‘आम्ही हे वावर घ्यायचं म्हणतोय, तुमचं काही म्हणणं आहे का?’ एवढं सरळ विचारा. धुऱ्याचा वाद असेल तर तो तिथेच बाहेर पडतो.

आणि निंदणाला जाणाऱ्या बायांना विचारा. हे कोणी करत नाही. कोणत्या तासात (ओळीत) कुंदा आहे, कुठे पाय रुततो, कोणत्या वर्षी बोंडअळीनं कापूस गेला, मालक मजुरी वेळेवर देतो की फिरवतो, हे मावशी-काकूंना जेवढं माहीत असतं तेवढं मालकालाही नसतं. पुढे त्याच तुमच्या वावरात येणार आहेत. पहिली ओळख मान देऊन झालेली बरी.

मागच्या तीन-चार वर्षांत वावर ठेक्यानं कोणी केलं आणि का सोडलं, हेही शोधा. चांगलं वावर माणूस सहसा सोडत नाही.

ठेक्यानं घेत असाल तर

ठेका किंवा बटईचा (पिकाच्या वाट्यावरचा) करार बहुतेक तोंडी असतो आणि वर्ष गुढीपाडव्यापासून धरतात. वर्षभराचा गडी, म्हणजे सालदारही, त्याच दिवशी ठरतो. म्हणून फाल्गुनातच बोलणी सुरू करा, मृग जवळ आल्यावर चांगली वावरं उरत नाहीत. लिहून दिलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती मालकांच्या मनात खोल आहे. ती समजून घ्या, पण निदान रक्कम, मुदत आणि विहिरीचं पाणी एका कागदावर चार लोकांसमोर लिहून घ्या.

एक मुद्दा आधीच उघड बोला. पीक कर्ज, अतिवृष्टीची मदत आणि पीक विमा यांचे पैसे बहुधा सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातात. पीक तुमचं बुडालं आणि मदत मालकाला मिळाली, की चांगले संबंध तुटतात. मदत आली तर कोणाला किती, हे पेरणीच्या आधी ठरवा. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद, कोण करणार आणि त्यात कोणतं पीक नोंदवणार, हेही त्याच बैठकीत.

शेवटची पायरी : मोजणी, खरेदी, फेरफार

खरेदीआधी विकणाऱ्याकडून भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी करून घ्या. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी ते हजर राहतील असं बघा आणि खुणा त्यांच्यासमोर रोवा. मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, हातात घ्या. ती आणि खरेदीखतातल्या चतुःसीमा जुळल्या पाहिजेत. दुय्यम निबंधक कार्यालयातून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या, आणि प्रकल्पाच्या, कोळसा खाणीच्या किंवा महामार्गाच्या भागात असाल तर भूसंपादनाची सूचना निघाली आहे का ते उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. उमरेड, वणी, चंद्रपूरकडे हे चुकवू नका.

खरेदी नोंदवली म्हणजे काम संपलं असं समजून लोक शहरात परत जातात. फेरफाराची नोंद झाली की नमुना नऊची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. त्या काळात गावात राहा, नाहीतर दर आठवड्याला एक फेरी मारा. हरकत आली तर मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी होते, तिथे मोजणीचा नकाशा आणि बहिणींच्या संमतीचे कागद घेऊन जा. फेरफार प्रमाणित झाला की नवा सातबारा काढा आणि नावातली काना-मात्रा, क्षेत्र, विहिरीची नोंद, रस्त्याचा हक्क हे तिथेच तपासा. चूक असेल तर त्याच महिन्यात दुरुस्तीचा अर्ज द्या. पहिल्या खरिपात ई-पीक पाहणी स्वतः वावरात उभं राहून करा. पडीत अशी नोंद एकदा लागली की पुढे कर्जाच्या आणि मदतीच्या वेळी तीच आडवी येते.